ग्राहकाच्या स्वभावाशी विसंगत

माणसाची खरी ओळख पटते ती परदेशात, आणि तीसुद्धा बहुधा दुकानातल्या छोट्या यंत्रानं त्याचं कार्ड नाकारल्यावर. घरी आपण कोण आहोत हे कुणी विचारत नाही. बायकोला ते माहीत असतं आणि ती बोलून दाखवत नाही. परदेशात हे काम बँक करते, विनामूल्य आणि चारचौघांत.

या विषयावर प्रस्तुत लेखकाला बोलायचा अधिकार आहे. मी स्वीडनमधल्या व्हेस्टेरोस शहराच्या एका बँकेत, जोखीम विभागात, उभा जन्म काढला आणि गेल्या वर्षी सन्मानानं निवृत्त झालो (निरोप समारंभाला केक होता, उरलेला मला घरी नेऊ दिला). परदेशात गेलेल्या ग्राहकाचं कार्ड केव्हा अडवायचं याची जी नियमावली आमच्या बँकेत आज चालते, ती माझी. तिचं तत्त्व अगदी साधं आहे. चोर कार्ड चोरेल, त्यामागचा गुप्त आकडाही चोरेल, पण ग्राहकाचा स्वभाव त्याला चोरता येणार नाही. सबब, ग्राहक आपल्या स्वभावाला सोडून वागू लागला, की तो ग्राहक नव्हेच असं समजावं आणि कार्ड बंद करावं.

हा नियम किती अचूक आहे हे पाहायचं तर एकदोन प्रकरणं सांगतो. हेस्लेहोल्मच्या एका दंतवैद्यानं लिस्बनला जाऊन दंडावर गरुड गोंदवून घेतला. कार्ड बंद. एका पाद्र्यानं पॅरिसमध्ये भर दुपारी, एकट्यानं, शँपेन मागवली. कार्ड बंद. दोघांनीही नंतर लेखी कळवलं की ते खरोखर तेच होते. आम्ही त्यांचे आभार मानले आणि नियम तसाच ठेवला.

याला जोडून आणखी दोन तरतुदी मी केल्या आणि त्यांचा मला आजही अभिमान आहे. पहिली 'सुरक्षित दांपत्य योजना'. हिच्यात नवऱ्याचं कार्ड संशयास्पद ठरलं की बायकोचंही त्याच क्षणी बंद होतं (संसारात संशय एकट्याला कधीच येत नाही). दुसरी 'भूकबळी प्रतिबंधक तरतूद'. हिच्यामुळे कार्ड बंद असतानाही किरकोळ खाण्यापिण्याचं बिल भागतं. आणि खाताना ग्राहक पुन्हा आपल्या मूळ वळणावर आलेला दिसला, तर कार्ड आपोआप सुरू होतं. तुरुंगातल्या चांगल्या वागणुकीला जशी सूट मिळते, तसंच हे.

ही सगळी व्यवस्था मला स्वतःला लागू होईल असं कधी मनात आलं नव्हतं, कारण मला स्वभावाला सोडून वागायचं कारणच नव्हतं.

तर यंदाच्या वसंतात आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली आणि मी व गुनवोर जर्मनीत हार्झच्या डोंगरात आठवडाभर जाऊन राहिलो. राहण्याचे पैसे मी हिवाळ्यातच भरून टाकले होते, तेव्हा ते स्वस्त असतं. बाकी जर्मन लोकांचं एक विचित्र आहे. ते अजून नोटा वापरतात. पाववाला नोटा मागतो, भाजीवाली नोटा मागते, आणि किल्ला बघायच्या दारात बसलेला म्हातारासुद्धा कार्ड दाखवलं की आपण त्याला मासा दाखवल्यासारखा बघतो. आमच्याकडे नोट शेवटची पाहिली ती गुनवोरच्या आत्याच्या अंत्यविधीला, तीही आत्याच्या कपाटात. सभ्य स्वीडिश माणूस यंत्रातून रोकड काढत नाही. ती काढून तो काय करणार, असा प्रश्न लोकांना पडतो, आणि माझ्या नियमावलीलाही पडतो. तेव्हा आम्ही रोकड न काढता ज्या दुकानात कार्ड चालेल तिथेच खाल्लं. पहिले काही दिवस लोणच्याच्या काकड्यांवर गेले.  गुनवोर तशी फारसं बोलत नाही.

शनिवारी, निघायच्या दिवशी, चौकातल्या जुन्या वाद्यांच्या दुकानासमोर ती थांबली. काचेआड एक लाल ॲकॉर्डियन होतं.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. आम्ही पहिल्यांदा भेटलो तेव्हा गुनवोर उन्हाळ्याच्या नाचाला ॲकॉर्डियन वाजवत होती आणि मी दारात तिकिटं तपासत होतो. लग्नानंतर आम्ही ज्या इमारतीत घर घेतलं, तिथे वाद्यांना मनाई आहे, म्हणून तिनं ते भाच्याला देऊन टाकलं. भाच्यानं पुढे त्याचं काय केलं ते आम्ही विचारलं नाही.

दुकानदार हेर ब्रुन्केल (हेर म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत) हे दाढीवाले, शांत गृहस्थ. त्यांनी ते खाली काढून तिच्या खांद्यावर चढवलं. तिनं भाता उघडला आणि वाजवलं. काय वाजवलं ते मला सांगता येणार नाही, कारण मी ऐकत नव्हतो, तिच्याकडे बघत होतो. अख्ख्या संसारात मी या बाईला असं हसताना पाहिलं नव्हतं, आणि मला एकदम फार वाईट वाटलं आणि लगेच फार बरंही वाटलं. हेर ब्रुन्केल म्हणाले की एक वाजता दुकान बंद होतं, आणि बंद व्हायच्या आत संगीतशाळेच्या बाई हेच न्यायला येणार आहेत. त्याआधी कुणी घेतलं तर गोष्ट वेगळी.

"आम्ही घेतो," मी म्हणालो.

गुनवोरनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू दुसरंच कुणी बोललंय. बँकेचंही नेमकं तेच मत पडलं. मी कार्ड लावलं, यंत्रानं क्षणभर विचार केला आणि लाल दिवा लावला. गुनवोरनं आपलं कार्ड लावलं. तोच दिवा. सुरक्षित दांपत्य योजना उत्तम चालत होती.

घाबरायचं कारण नव्हतं. मी बँकेला फोन लावला, आणि नशिबानं पलीकडे मालिन निघाली. तिला मीच कामाला लावलं, मीच शिकवलं. (आमच्याकडे पंतप्रधानापासून प्लंबरपर्यंत सगळे एकमेकांना अरेतुरे करतात, त्यामुळे हुद्दा निवृत्त झाला तरी बोलण्यात काही फरक पडत नाही.) मला हल्ली जरा कमी ऐकू येतं म्हणून फोन मोठ्या आवाजात ठेवला होता. दुकानात सगळ्यांनाच सगळं ऐकू येत होतं. हेर ब्रुन्केलना स्वीडिश कळत नव्हतं, हाच काय तो आडोसा.

मालिनला मनापासून आनंद झाला. तब्येत विचारली, हवा विचारली, आणि मग म्हणाली की प्रश्न विचारावेच लागतील, तुला तर माहीतच आहे. म्हटलं, विचार की. प्रश्न माझेच होते. मी ते एका पावसाळी नोव्हेंबरात मोठ्या प्रेमानं लिहिले होते.

खरेदी आधी ठरलेली होती का? नव्हती. वस्तूची गरज आहे का? नाही. ठेवायला जागा आहे का? नाही. एवढ्यावरच तिचा आवाज जरा खाली आला.

"शेजारी उभं राहून कुणी तुला हे घ्यायला लावतंय का?"

"बायको उभी आहे. ती बोलली काहीच नाही. पण फार खूष दिसतेय."

"आणि तुला कसं वाटतंय?"

मी विचार केला. "हलकं वाटतंय गं. छातीत काहीतरी सुटल्यासारखं."

"अरे देवा," मालिन म्हणाली. "सिक्स्टेन, हे तूच शिकवलंस ना आम्हाला? फसणारा माणूस पैसे जाईपर्यंत असाच आनंदात असतो."

शिकवलं होतं खरं. तक्तासुद्धा काढला होता: फसलेल्या शंभर ग्राहकांपैकी एक्क्याण्णव जण फसण्याआधी खूष होते. (न फसता खूष असलेले किती, हे मोजलं नव्हतं. तसे ग्राहक फोन करत नाहीत.)

"आता शेवटचा," मालिन म्हणाली. "बायकोसाठी असं अचानक काही घेणं, हे तुझ्या नेहमीच्या वागण्यातलं आहे का?"

वाचकहो, दुसऱ्या कुठल्याही देशाचा माणूस इथे बेधडक 'हो' म्हणून मोकळा झाला असता. पण आम्हा स्वीडिश लोकांना सरकारशी, बँकेशी आणि ग्रंथालयाशी खोटं बोलता येत नाही. घरच्यांशी जमतं, कचेरीशी नाही. गुनवोर शेजारीच उभी होती, भाता अजून हातात उघडा.

"नाही," मी म्हणालो.

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

मालिननं मोठ्या सहानुभूतीनं सांगितलं की माझ्याच हितासाठी कार्ड बंद राहील. मी तिचे आभार मानले. कामाला चोख आहे पोरगी. गुनवोरनं भाता हळूहळू मिटला आणि पट्टे खांद्यावरून उतरवले.

तेवढ्यात हेर ब्रुन्केलनी एक अत्यंत बेजबाबदार गोष्ट केली. त्यांना शब्द कळले नसले तरी चेहरे कळले असावेत. त्यांनी एका कागदावर आपला खातेक्रमांक लिहिला, माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "घेऊन जा हो तुम्ही. घरी पोचल्यावर पाठवा पैसे."

मी चकित झालो. हा माणूस मला ओळखत नव्हता, मी कुठला हे त्याला माहीत नव्हतं, माझा वागणुकीचा इतिहास त्यानं तपासलेला नव्हता, आणि त्याला फक्त एवढं दिसलं होतं की माझं कार्ड माझ्याच बँकेनं नाकारलंय. इतक्या भक्कम पुराव्यावर तो माझ्यावर विश्वास टाकायला निघाला होता. शिवाय आमच्यात कुणाचे उपकार घेत नाहीत. शेजाऱ्याकडून शिडी आणली तरी तिच्याबरोबर आम्ही कॉफीचा डबा परत करतो, म्हणजे बोलणं संपतं. परमुलखातल्या अनोळखी माणसाचं मिंधं राहून झोप कशी लागणार? मी त्यांना नियमानुसार नम्रपणे नकार दिला.

एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं की या वेळी नाही म्हणणारं कुठलंही यंत्र नव्हतं. पण नाही म्हणून झालं होतं.

आम्ही स्टेशनासमोरच्या कॅफेत गेलो. तिथे कार्ड चालतं. दर शनिवारी घेतो तसं मी दोन कॉफी आणि दालचिनीचा एक गोड पाव घेतला आणि पावाचे मधोमध दोन तुकडे केले. कार्ड लावलं. हिरवा दिवा. आणि लगोलग फोनवर संदेश: 'आपलं वागणं पूर्ववत झाल्याचं आढळून आलं आहे. कार्ड पुन्हा सुरू करण्यात येत आहे. आपला प्रवास सुखाचा होवो.'

माझा जीव भांड्यात पडला. मी तो मोठ्यानं वाचून दाखवला. वाक्यं माझीच होती आणि बरी उतरली होती.

"म्हणजे आता चालेल," गुनवोर म्हणाली. "दुकान अजून उघडं आहे."

मी तिला समजावून सांगितलं. कार्ड सुरू झालंय ते आपण नेहमीसारखे वागलो म्हणून. पुन्हा तसं करायला गेलो तर पुन्हा बंद पडेल, आणि दुसऱ्या वेळेला महिनाभर उघडणार नाही. कार्ड चालतं, पण ज्याला आजवर चाललंय त्यालाच.

गुनवोरनं तिच्यापुढच्या अर्ध्या पावाकडे पाहिलं.

"याला," ती म्हणाली.

"हो, याला."

ती उठली. "तू खा," म्हणाली, "मी आलेच." मी तिचाही अर्धा खाल्ला, टाकून द्यायचा म्हणजे पाप. गाडी यायच्या बेताला ती परत आली तेव्हा पाठीवर काळी पेटी होती आणि हातात हेर ब्रुन्केलांचा तो कागद. संगीतशाळेच्या बाईंना तिनं तिथेच एक गाणं वाजवून दाखवलं म्हणे, आणि त्यांनीच पेटीचे पट्टे बांधायला मदत केली. मी विचारलं, उपकाराचं काय. ती म्हणाली, "राहू दे की थोडे दिवस अंगावर. काही टोचत नाहीयेत."

घरी पोचल्यावर तिनं पैसे पाठवायला घेतले. अर्थातच बँकेचा फोन आला. अर्थातच मालिन. परक्या देशात, अनोळखी माणसाला, एका वाद्यासाठी. असं करणं तुझ्या नेहमीच्या वागण्यातलं आहे का, तिनं विचारलं. मी समोर बसून ऐकत होतो.

"हो तर," गुनवोर म्हणाली. "मी कायमच अशी आहे."

पैसे गेले. इतकं धडधडीत खोटं माझ्या नियमावलीनं निमूट गिळलं. की ते खरंच होतं आणि तपासायचं माझंच राहून गेलं, हे मला अजून नीट कळलेलं नाही. आता दर शनिवारी संध्याकाळी आमच्या घरात ॲकॉर्डियन वाजतं. इमारतीच्या नियमाप्रमाणे त्याविरुद्ध अध्यक्षाकडे तक्रार करता येते. अध्यक्ष मी आहे. दार लावून घेतो आणि ऐकतो.

वाचकांनी आता हवं तेवढं हसून घ्यावं. देशोदेशी फिरलो पण आमचं कार्ड कुठेही अडलं नाही, असं तुम्ही अभिमानानं सांगाल, आणि ते खरंही असेल. त्याचा अर्थ एवढाच, की बँकेला 'ही व्यक्ती असं करणार नाही' असं वाटावं, इतकं काही तुम्ही आजवर कुणासाठी केलेलं नाही.