आधी गेट, मग बाकीचं

आमच्या शेजारचे रंगनाथतात्या कोणत्याही पाहुण्याला घरात येऊ देत नाहीत. आधी कालव्यावर नेतात. "च्या कुठं पळून जातोय? आधी गेट, मग बाकीचं!"

गेट म्हणजे कोल्हारच्या बाहेर, कालव्यावरचं इंग्रजांच्या वेळचं पाणी सोडायचं दार. चुन्यातलं दगडी बांधकाम, वर हाताने फिरवायचं भलंमोठं लोखंडी चाक. शेजारी मोटारीवर चालणारं नवं गेट बसून बरीच वर्षं झाली, जुनं नुसतं उभं आहे. तात्यांनी पाटकरी म्हणून, म्हणजे पाटाच्या पाण्यावरचा माणूस म्हणून, सगळी नोकरी याच चाकाशी केली.

एकदा त्यांना सणकून ताप आला म्हणून मी डॉक्टरांना घरी बोलावलं. डॉक्टर गावात नवे. तात्या अंथरुणातून उठले, कानटोपी घातली आणि म्हणाले, "डाक्टर, नाडी काय, हाताला हायेच. गेट बघितलं का?" डॉक्टरांनी शेवटी कालव्याच्या भिंतीवर बसवून त्यांना इंजेक्शन दिलं. विम्याचा एक एजंट मात्र दोन तास आटे, चाक आणि चुन्यात घातलेला गूळ ऐकून गेला, तो आमच्या गल्लीत पुन्हा दिसला नाही.

माझ्या मुलाचं लग्न ठरत होतं, तेव्हा मुलीकडचे घर बघायला येणार होते. दुष्काळी कर्जतकडची माणसं. अकराची वेळ दिली होती. बारा वाजले, पोहे गार झाले, बायको रडकुंडीला आली. मला शंका आली तसा मी स्कूटर काढून कालव्यावर गेलो. तात्यांनी पाहुण्यांना स्टँडवरच गाठलं होतं. मुलीचे वडील बाह्या सरसावून चाकाला लटकले होते, नव्या सदऱ्याला काळं ग्रीस लागलं होतं आणि तात्या ओरडत होते, "पाहुणं, जोर लावा! लई दिवसांचं गंजलंय त्ये!"

सोयरीक मोडली असं मी धरूनच चाललो होतो, तर पाहुणे हसत म्हणाले, "शेजार चांगला आहे हो तुम्हाला." लग्न जमलं. व्याही अजून फोनवर आधी गेटची खुशाली विचारतात, मग माझी.

लग्नानंतर सून, अश्विनी, पहिल्यांदा राहायला आली, तेव्हा तिलाही सुटका नव्हती. शेतीच्या पाण्याचं आवर्तन सुटलं होतं, कालवा काठोकाठ वाहत होता. मी सोबत गेलो, म्हटलं पोरगी कंटाळली तर काहीतरी निमित्त काढून आणता येईल. तात्यांनी सुरुवात केली, "हे आटे बघा, सूनबाई. विलायतेत..."

अश्विनीचं लक्षच नव्हतं. तिने चपला काढल्या, पायरीवर बसून पाण्यात पाय सोडले. बराच वेळ ती वाहतं पाणी बघत राहिली. मग वळून म्हणाली, "तात्या, एवढं सगळं पाणी तुम्ही सोडायचात?"

मी मनात म्हटलं, आता दोन तास गेले. पण तात्या चाक सोडून मागे जाऊन भिंतीवर बसले. मी जवळ गेलो. तात्यांच्या बायकोला, शांताकाकूंना, जाऊन पाच वर्षं झाली होती, पण तात्यांच्या तोंडून त्यांचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

"आमची शांता बी सूनबाईंच्या कर्जतकडचीच," ते हळूच म्हणाले. "मैलभर डोक्यावरून पानी आनलेली पोर. लगीन होऊन आली, तवा तिला दाखवायला माझ्याकडं दुसरं काय हुतं? हितं घेऊन आलो. अशीच बसली. उठंच ना. मग म्हनली, हे तुमी सोडता व्हय?"

"मग?"

"साहेबाचा हुकूम यायचा, मी नुसतं चाक फिरवायचो. पन तिला म्हनलो, व्हय, मीच सोडतो." ते थोडंसं हसले. "माहेरी समद्यांना सांगितलं तिनं. मरेपर्यंत सांगत हुती."

ऊन चढायला लागलं होतं. मी अश्विनीला हाक मारणार, तेवढ्यात तात्यांनी माझा हात धरला.

"बसू द्या तिला," ते म्हणाले. "घाई न्हाई."