चादर विरुद्ध ब्लँकेट, निकाली कुस्ती

आयात खुली झाली त्या वर्षी सरकारने नियम केला की परदेशी कापडाला सोलापुरात विकायला यायचे असेल, तर त्याने आधी इथल्या कापडाशी निकाली कुस्ती करावी आणि जे चीत होईल त्याने बाजार सोडावा. नियम सुटसुटीत होता. पूर्वी परदेशी मालावर जबर शुल्क लावून त्याला बंदरावरच अडवीत. आता ते मागासलेपणाचे समजले जाऊ लागले. स्पर्धा मोकळी हवी, असे परिपत्रकात पानोपानी म्हटले होते.

टॉवेलची कुस्ती आदल्या महिन्यात झाली होती आणि तिच्याविषयी विणकरांच्या साखर पेठेत कोणी बोलत नसे. टॉवेल आता बार्शीला नातेवाइकांकडे असतो.

राहिली चादर. ती नरसय्या गुंडेटी यांच्या मागावर विणलेली. पेठेतले बाकीचे माग बहुतेक थंडावले होते, नरसय्यांचे आठ तेवढे टिकून होते. चादर हरली तर तेही भंगारात निघणार, हे सर्वांना ठाऊक होते. भंगारवाला तर वजनकाटा घेऊन आखाड्याच्या पहिल्या रांगेत येऊन बसला होता. नरसय्यांना पाहताच त्याने उठून आदराने नमस्कार केला. नरसय्यांच्या पत्नी राजव्वा यांनी महिनाभर चादरीला मक्याच्या खळीचा खुराक दिला होता आणि रोज उन्हात पालथी-उताणी करून तिच्याकडून मेहनत करून घेतली होती.

परदेशी ब्लँकेट चेन लावलेल्या पारदर्शक पिशवीतून आले. अंगाने गुबगुबीत, छातीवर वाघ छापलेला, आणि किंमत चादरीच्या निम्मी. त्याचे एजंट मेहेंदळे सज्जन गृहस्थ होते. हरल्यावर विणकरांनी दुसरा धंदा कोणता करावा, याविषयी दोन-तीन सूचना ते घरूनच काढून आले होते. पंच म्हणून दस्तगीर वस्ताद होते आणि सरकारतर्फे उपसंचालक निकाळजे.

हलगी कडाडली. सलामी झाली. रिवाजाप्रमाणे दोघांनी एकमेकांच्या अंगावर माती टाकली. चादरीने ती धरली, ब्लँकेटवरून ती घरंगळून गेली. तिथेच जाणत्यांची तोंडे उतरली. चादरीने पट काढायला झेप घेतली, पण पकड सुटली. वाघ वळला, त्याने चादरीच्या दशा धरल्या आणि धोबीपछाड मारली. चादर चारी टोके पसरून मातीवर सपाट.

हलगी थांबली. भंगारवाल्याने काटा पुसायला घेतला. मेहेंदळ्यांनी निकाळजे साहेबांशी हस्तांदोलनही उरकले.

वस्तादांनी मात्र शिट्टी मारली नाही. ते म्हणाले, चीत म्हणजे पाठ मातीला लागायला हवी, तेव्हा आधी पाठ दाखवा. वरच्या बाजूला पांढऱ्यावर लाल मोर होते. वस्तादांनी एक टोक उचलले. खाली लालवर पांढरे मोर, तसेच ठसठशीत. निकाळजे बूट काढून हौद्यात उतरले, चष्मा लावून दोन्ही बाजू पाहून आले आणि पुन्हा पाहायला गेले. पांढरी बाजू पाठ धरावी, असे मेहेंदळ्यांनी सुचवले. त्यावर मागच्या रांगेतून कोणीतरी विचारले की आमच्या घरी ती दिवाळीपर्यंत पोट असते, त्याचे काय करायचे.

शेवटी निकाळज्यांनी नरसय्यांनाच विचारले, "हिची पाठ कुठली?"

नरसय्यांच्या कपाळावर घाम होता. "आजवर कुणी मागितली नाही, साहेब," ते म्हणाले. "मागितली असती तर घातली असती."

निकाळज्यांनी मुंबईला फोन लावला. मुंबईने बराच वेळ घेऊन कळवले की पाठ नसलेल्या मालाला चीत ठरवण्याची तरतूद नाही, सबब कुस्ती पुढे चालवावी.

मग जे झाले ते पाहायला माणसे पत्र्यांवर चढली. ब्लँकेटने चादरीला आपटले, ती पोटावर पडली. उलटी करून आपटले, पुन्हा पोटावरच. ढाक लावली, कलाजंग मारला, उचलून लांब फेकले, आणि दर वेळी वस्ताद वाकून पाहत आणि नकारार्थी हात हलवीत. वाघाला धाप लागली. त्याच्या अंगातून लव उडू लागली. एप्रिलची कोरडी हवा, त्यात एवढी घासाघीस झालेली. अंगातून चटचट ठिणग्या निघायला लागल्या आणि ब्लँकेट चादरीला चिकटूनच बसले. सुटायला धडपडले तसे जास्त चिकटले. चादरीने तेवढ्यात बगल दिली, कोलांटी घेतली, आणि वाघ आभाळाकडे पाहत राहिला. खाली त्याची पाठ होती, कोरी, न छापलेली, सर्वांना दिसेल अशी.

वस्तादांनी शिट्टी मारली. फेटे उडाले, हलगीवाल्याने टिपरी मोडेपर्यंत वाजवले, निकाळजे साहेब अनवाणीच नाचले आणि मग ते नाचणे शासनाचे नव्हे, असे त्यांनी स्पष्ट केले. नरसय्या बसल्या जागेवरून उठले नाहीत. सुटलो का, एवढेच ते शेजाऱ्याला विचारत होते.

ब्लँकेट झटकून पिशवीत घातल्यावर मेहेंदळे अदबीने पुढे आले. आयातीचा करार दोन्हीकडून खुला आहे, म्हणाले. जिंकणाऱ्याने आता ब्लँकेटच्या मुलखात जाऊन लढले पाहिजे, नाही गेला तर इथला निकाल रद्द.

राजव्वा चादरीची माती झटकत होत्या. "तिकडं ऊन पडतंय का हो?" त्यांनी विचारले.

"पडतं, पण बेताचं," मेहेंदळे प्रामाणिकपणे म्हणाले. "धुतलेलं लवकर वाळत नाही."

राजव्वांनी थोडा विचार केला आणि नवऱ्याकडे वळल्या. "अहो, उठा. आठही माग लावा. एक चादर लढेल तोवर बाकीच्या वाळतील."

नरसय्या उठले आणि मागांकडे जवळजवळ धावतच गेले. मेहेंदळ्यांनी खिशातून पेन काढले आणि तिकिटांसाठी विचारले, मंडळी बसून जाणार की घडी करून.

"ही बसून," राजव्वा म्हणाल्या. "बाकीच्या अजून लढल्या नाहीत. त्या घडी करून."