आधी जेवण, मग पाहणी

एका जंगलात, बाळांनो, वाघ नव्हता की सिंह नव्हता. बँक होती. त्यामुळे घाबरायला कुणाला काही कमी पडत नसे.

त्या बँकेत नकुल नावाचं एक तरुण मुंगूस नोकरीला लागलं. लागलं म्हणजे काय, शिकाऊ म्हणून चिकटलं. कर्ज कसं द्यावं ते आधी शिकायचं. पास झालं तर कायम, नाही तर परत बिळात जाऊन बापाबरोबर साप धरायचे. बापाचा अर्धा कान एका सापानेच नेला होता. म्हणून नकुलला ही नोकरी हवी होती. हवीच होती! मधे बोलू नका रे. मधे बोलणाऱ्यांना बँकेत घेत नाहीत.

शिकवायला बगळे सर होते. पांढरेशुभ्र, डोळे मिटलेले, एका पायावर उभे. समोर ससे, खारी, तितर, अशी सगळी नवी भरती.

"कर्ज देणं म्हणजे माणूस ओळखणं," सर म्हणत. जंगलात माणूस कुठून आणायचा, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

एकदा वर्ग चालू असतानाच सुगरण आली. पावसाआधी खोपा दुरुस्त करायचा म्हणून तिला थोड्या कवड्या हव्या होत्या.

"तारण काय ठेवणार?" सरांनी विचारलं.

"माझा खोपाच आहे की."

"कुठे आहे?"

"बाभळीवर लोंबतोय."

"लोंबणारं घर चालत नाही, बाई. जमिनीला टेकलेलं काही आहे का तुमचं?"

"पाय आहेत," सुगरण म्हणाली.

सरांनी तिला दोन जामीनदार आणायला सांगितलं, तेही न लोंबणारे. ती बिचारी गेली ती गेलीच. "बघितलंत? बँक वाचवली," सर म्हणाले. वर्गाने टाळ्या वाजवल्या. नकुलने जरा जास्तच वाजवल्या.

मग नकुलची परीक्षा आली. मगरराव म्हणजे जंगलातलं बडं प्रस्थ. त्यांना तळ्यात नौकाविहार काढायचा होता. त्यासाठी लाखभर कवड्या हव्या होत्या, आणि तारण म्हणून ते तळंच लिहून देत होते. नकुलने जाऊन तळं बघायचं आणि शेरा मारायचा, एवढंच काम.

पोरगं इमानदार. सकाळीच गेलं, उपाशीपोटी. थेट तळ्यात उतरलं आणि चालत चालत पलीकडच्या काठावर निघालं. पाय ओले झाले नाहीत.

"सर, तळ्यात पाणीच नाही हो!" नकुल धापा टाकत परत आला. "नुसत्या भेगा पडल्यात!"

बगळे सरांनी एक डोळा उघडला. "जेवलास का तिथे?"

"नाही सर."

"तरीच! अरे शहाण्या, आधी जेवण, मग पाहणी. ही आपल्या बँकेची रीत आहे. उपाशीपोटी नको ते दिसतं. आणि तळ्यात उतरायला तुला सांगितलं कुणी? पाहणी काठावरून करतात. उद्या नीट बघून ये, नाही तर परवापासून साप धर."

दुसऱ्या दिवशी मगररावांनी पाटाभोवती रांगोळी काढली होती. तळलेले मासे, कालवणातले मासे. मासे शेजारच्या जंगलातून मागवले होते, पण ते असो.

"घ्या हो साहेब, लाजताय काय असे!" मगरराव वाढत होते.

नकुलला जन्मात कुणी साहेब म्हटलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. मगररावांचेही आले, पण त्यांचे काय, येतातच.

खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणतात. नकुलनेही खाल्ल्या तळ्याचं पाणी मोजलं नाही. काठावर उभं राहून एक ढेकर दिला आणि शेरा मारला, "तळं खोल आहे." खोटं होतं का? मुळीच नाही. पाणी असतं तर तळ कुठे दिसला असता?

नकुल कायम झाला. आईला कोण आनंद! तिने बिळातल्या सगळ्या कवड्या आणून बँकेत ठेवल्या. तिचं बघून बाकीच्या मुंगसांनीही ठेवल्या. "आपला नकुल आहे ना तिथे," असं सगळे एकमेकांना सांगत.

महिनाभरात मगरराव कर्जासकट नदीमार्गे दुसऱ्या जंगलात गेले. तिथल्या बँकेने म्हणे हार घालून त्यांचं स्वागत केलं. इथल्या बँकेने खिडकी लावून घेतली, नुसती फट ठेवली. बाहेर ही झुंबड! सगळ्यांत पुढे नकुलची आई आणि फटीच्या आत नकुल.

"नकुला," आई म्हणाली, "ते तळं तू स्वतः बघितलं होतंस ना रे?"

"बघितलं होतं, आई."

"मग?"

खरं सांगावं, तर नोकरी जाणार. "बँकेतल्या गोष्टी बाहेर सांगता येत नाहीत, आई," तो म्हणाला आणि त्याने फट बंद केली. मग तिथेच खाली बसून ढसाढसा रडला.

बगळे सर मागे येऊन उभे राहिले. त्यांनी त्याच्या पाठीवरून पंख फिरवला.

"पहिल्या वेळी होतं असं," ते म्हणाले. "आता तू खरा तयार झालास. डोळे पूस. उद्यापासून नवी भरती तू शिकव."

तात्पर्य : कोरड्या तळ्यातही बुडता येतं, आणि त्यासाठी तळ्याजवळ जावंसुद्धा लागत नाही. तेव्हा बाळांनो, आईबापांनी साठवलेलं बँकेत ठेवू नका, उलट पोटभर कर्ज काढा. आणि बँकेत नोकरीच करायची असेल, तर पाहणीला जेवूनच निघा.