मधल्या अधिकाऱ्याचे तैलचित्र

माणूस जिवंत असतो तोवर त्याला ओळखणारे मोजकेच असतात. तो गेला की ही संख्या वाढू लागते. तो परमुलुखात, लढता लढता गेला असेल आणि निवडणूक दोन महिन्यांवर आली असेल, तर ती इतकी वाढते की सभागृह पुरत नाही.

१९६१ च्या डिसेंबरात पुसदकडच्या एका तांड्यावरचा तरुण अधिकारी काँगोत शांतिसेनेत असताना गोळी लागून पडला. (काँगो नेमके कुठे यावर गावात एकमत होईना, म्हणून सर्व भाषणांत 'सातासमुद्रापार' हा शब्द कायम करण्यात आला.) तार आधी तालुक्याच्या गावात आली, म्हणून शोकसभाही आधी झाली. तांडा सात मैलांवर, मध्ये नाला; त्याच्या आईला, रुपीबाईला, दुसऱ्या दिवशी दुपारी कळले. म्हणजे तिच्या दुःखात गाव तिच्या एक दिवस आधीपासून सहभागी होते, ही गोष्ट शोकसभेचे अध्यक्ष असलेल्या भगवानरावांनी पुढे तीन भाषणांत नमूद केली.

शोकसभेत सतरा वक्ते बोलले. त्यांपैकी चौदा जणांनी त्याला अंगाखांद्यावर खेळवले होते. (यांतला एक त्याच्याहून दोन वर्षांनी लहान होता.) तहसिलीतून निवृत्त झालेले अव्वल कारकून सदाशिवराव हे स्वभावाने खोटे बोलणारे गृहस्थ नव्हते. तीस वर्षांत त्यांनी कागदाच्या पुराव्यावाचून एक शब्द लिहिला नव्हता. पण समोर माइक आला, आणि तेही म्हणून गेले, "याच हातांनी मी त्याला दाखला दिला. तेव्हाच त्याच्या चेहऱ्यावरचं तेज पाहिलं होतं." दाखला खरोखरच दिला होता. फक्त तो खिडकीतून दिला होता, आणि खिडकीत दिसला होता तो पोराचा हात.

लगेच अकरा जणांची स्मारक समिती झाली, सदाशिवराव सचिव झाले, आणि सभागृहात वीराचे तैलचित्र लावावे असे ठरले. फोटो आणायला ते स्वतः तांड्यावर गेले. रुपीबाईने आरशांची भिंगे जडवलेल्या कापडात गुंडाळलेला फोटो आतून आणला आणि बराच वेळ हातातच धरून ठेवला.

"आठ दिवसांत आणून द्याल नं, साहेब? घरात हा एकच हाय."

"बाई, आठ कशाला, चार दिवसांत," सदाशिवराव म्हणाले. त्यांचे डोळे खरेच भरून आले होते. दुःखाच्या घरात वस्तू उघडून तपासणे बरे दिसत नाही, म्हणून गाठोडे त्यांनी तसेच पिशवीत घातले.

ते उघडले समितीच्या बैठकीत. फोटोत तीन तरुण अधिकारी होते. तिघांच्या टोप्या सारख्या, पट्टे सारखे, मिशाही एकाच न्हाव्याने कोरल्यासारख्या.

फोटो अकराही जणांच्या हातांतून फिरला. आईला विचारून यावे अशी सूचना कोणी मांडली असती, तर ती एकमताने मंजूर झाली असती. पण मांडणाऱ्याला आपण त्याला ओळखत नाही हे आधी कबूल करावे लागले असते, आणि अंगाखांद्यावर खेळवलेल्या मुलाबाबत असे कोण कबूल करील? अखेर लोकशाही मार्गाने मतदान झाले. डावा तीन, उजवा दोन, मधला सहा. "आपल्या तालुक्याचा माणूस कडेला उभा राहणार नाही," हा भगवानरावांचा मुद्दा निर्णायक ठरला. सदाशिवरावांनी हात पाहून काही ओळख पटते का ते बघितले, पण तिघांचेही हात पाठीमागे होते. मग त्यांनीही मधल्याला मत दिले.

चित्रकार श्रीकृष्ण हा कामाला चोख. कडेचे दोघे उगाच नजरेत येत होते, म्हणून त्याने कात्री घेतली आणि मधला तेवढा कापून पुठ्ठ्यावर डकवला. आठ दिवसांचे पाच आठवडे झाले, पण चित्र देखणे उतरले.

अनावरणाला वजनदार पाहुणे आले. एकूण हार एक्केचाळीस. पैकी अडतीस व्यासपीठावर, दोन चित्राला, एक माइकला. रुपीबाईला पहिल्या रांगेत, कडेला, खुर्ची दिली होती. पडदा सरला, टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्यावर ती उठली.

"हा माहा पोरगा नाही."

भगवानराव हसले. "बाई, रंगात जरा फरक पडतो."

"रंगात कायले फरक पडन? हा त्याचा दोस्त व्हय. पंधरा दिवस नाही झाले, माह्या पोराची ट्रंक घेऊन आलता. माह्या हातची भाकर खाऊन गेला." मग तिने सदाशिवरावांकडे पाहिले. "साहेब, माहा फोटो कुठं हाय?"

सदाशिवरावांनी श्रीकृष्णाकडे पाहिले. उत्तर समितीने दिले. त्याच संध्याकाळी ठराव झाला की, अनावरण विधिवत झाले असल्याने चित्र चुकीचे ठरू शकत नाही. मातेच्या भावनांची नोंद घेण्यात येत आहे. तसेच चित्रातील अधिकारी तूर्त हयात असले तरी सैन्यातच आहेत, तेव्हा चित्र पुढेमागे उपयोगी पडेल. ठरावावर सही करताना सदाशिवरावांचा हात आयुष्यात प्रथमच अडला. त्यांना स्वतःची लाज वाटली. ही भावना त्यांच्या ओळखीची नव्हती, त्यामुळे आधी पित्त वाटले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी श्रीकृष्णाच्या टेबलाचा अख्खा खण जमिनीवर ओतला. कातरणांच्या ढिगात दोन पट्ट्या सापडल्या: डावा अधिकारी, उजवा अधिकारी. त्या रुमालात घेऊन ते सात मैल चालत गेले, नाल्यात पाय भिजवून तांड्यावर पोचले आणि दोन्ही पट्ट्या तिच्यापुढे धरल्या. कोणता, हे विचारायची त्यांना हिंमत झाली नाही.

तिला विचारायची गरजही नव्हती. तिने डावी पट्टी उचलली. कात्री त्याच्या खांद्यावरून गेली होती. तिने तो खांदा पदराने पुसला आणि शेतातून जेवायला बोलवावे तशी त्याला नावाने हाक मारली. सदाशिवराव उंबऱ्याबाहेर उभे राहून रडले. या वेळी समोर माइक नव्हता.

"दुसरा बी ठेवून जा, साहेब," ती म्हणाली. "त्यालेही माय असन."

गावात परत येऊन त्यांनी राजीनामा दिला. समितीने तो खेदपूर्वक स्वीकारला.

तिने मारलेली हाक कोणत्या नावाची होती, ते इथे सांगता आले असते. या कथेत अध्यक्षांचे नाव आले, चित्रकाराचे आले, सचिवांचे तर हुद्द्यासकट आले. आणि वाचकहो, आपण समितीला इतका वेळ हसलात, पण जो मेला त्याचे नाव काय, असे एकदाही विचारले नाहीत. समितीत सचिवाची जागा रिकामी आहे. आपण अवश्य अर्ज करावा.