इनोकेमामाचा ठोका

इनोकेमामानं भाच्याची हायब्रीड गाडी नेऊन नावुलिको गावच्या चर्चसमोरच्या नगाऱ्यावर आदळली.

असं काही झालं नाही. गाडीत त्या वेळी तिघं जण होते आणि खाली उतरायच्या आधीच तिघांनी ठरवलं, की असं काही झालेलं नाही. तेव्हा वरचं वाक्य आपणही वाचलेलं नाही असं समजून पहिल्यापासून सुरू करू.

सकाराया हा मामाच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. फिजीत भाच्याला मामाच्या घरात मोकळं रान असतं. डुक्कर आवडलं, न्या. होडी आवडली, न्या. मामानं दारात उभं राहून हसायचं. सकारायानं आजवर मामाचं डुक्कर नेलं होतं, मासे धरायचं जाळं नेलं होतं आणि लग्नातला कोटही नेला होता. पण फळं तोडायच्या कामावर ऑस्ट्रेलियाला निघताना त्यानं जे केलं, ते गावाच्या आठवणीत कुठल्याच भाच्यानं केलं नव्हतं. त्यानं मामाला काहीतरी दिलं. जपानहून आलेली, वापरलेली पण चकचकीत गाडी. दिली होती फक्त सांभाळायला, पण मामाच्या छातीनं हा फरक लक्षात घेतला नाही.

मामाला गाडी चालवता येत नव्हती. हे त्याला सोडून सगळ्यांना माहीत होतं. हयातभर त्यानं साखर कारखान्याची ऊस वाहणारी छोटी आगगाडी चालवली होती. "एवढ्या वर्षांत माझं स्टिअरिंग एकदा तरी चुकलं का?" असं तो विचारी. आगगाडीला स्टिअरिंग नसतं, हे त्याला कोणी ऐकवत नसे. निवृत्तीच्या वेळी कारखान्यानं त्याला घड्याळ दिलं होतं आणि ते अजून चालत होतं.

"मामा, नीट ऐक," निघताना सकाराया म्हणाला. यांगोना या मुळांच्या पेयाच्या परातीभोवती सगळं गाव बसलेलं होतं. "हिला दोन बॅटऱ्या. एक मोठी, एक छोटी. नुसती उभी राहिली, की दोन्ही हळूहळू मरतात."

"म्हणजे उपाशी डुकरासारखं."

"तसंच धर. म्हणून दर शनिवारी ब्रेकवर पाय ठेवून हे बटण दाबायचं. समोर 'रेडी' उजळलं, की अर्धा तास नुसतं बसायचं. इंजिन आपल्या मनानं सुरू होईल, आपल्या मनानं बंद होईल. घाबरायचं नाही."

"मी? आणि घाबरणार?"

"चावी गाडीपासून लांब ठेवायची, नाहीतर गाडी रात्रभर जागी राहते. मागच्या सीटला जाळी आहे, तिथून मोठी बॅटरी श्वास घेते, ती झाकायची नाही. आणि गियरचा दांडा कायम 'पी'वर. त्याला हात लावायचा नाही. गाडी एक वीतही हलता कामा नये."

"हलली तर माझं नाव बदल," मामा सगळ्यांदेखत म्हणाला आणि वाटी एका दमात रिकामी केली.

मामानं शब्द पाळला. चावी त्यानं गावाच्या दुसऱ्या टोकाला, नगारा वाजवणाऱ्या कोलिनियोच्या घरी खुंटीला टांगली. दर शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून तो ती आणायला जाई, आणि वाटेत कोणी "कुठे?" म्हटलं, की "बॅटरी आहे" एवढंच बोले. गाडीत शिरताना चपला बाहेर काढी. मागे वासितीमामी येऊन बसे, थंड हवा खायला.

"तिथे टेकू नको. बॅटरीचं नाक आहे तिथे."

"माझ्यामुळे आजवर कोणाचं नाक दबलेलं नाही," मामी म्हणे, "नाहीतर तुझं एवढं वर राहिलं असतं का?"

असे महिने गेले. मग एका शनिवारी पाद्री लेपानी गावाच्या भेटीला आले. उतरले मामाकडे. नारळाच्या दुधातली अळूची पानं आणि कसावा असं जेवण झालं, ऊन रणरणत होतं, सगळं गाव आडवं झालं होतं.

"पाद्रीबाबा, गाडीत बसायचं का?" मामानं विचारलं.

"कुठे जायचंय?"

"कुठेच नाही."

"वा!" म्हणत पाद्रीबाबांनी चपला काढल्या.

मामानं बटण दाबलं. थोड्या वेळानं इंजिन घुरघुरलं आणि आपल्या मनानं थांबलं. गाडीत शांतता पसरली.

"बंद पडली वाटतं," पाद्रीबाबा म्हणाले.

मामा जाणकारांचं हसू हसला. "चालू आहे."

"माझी जीप चालू असली की माझे दात हलतात."

"ही चालूच आहे, पाद्रीबाबा."

"असेल, असेल." पाद्रीबाबांनी त्याच्या गुडघ्यावर थोपटलं. आजारी माणसाला थोपटतात तसं. मामाला ते थोपटणं फार लागलं.

"मला पण बंदच वाटते," मागून मामी म्हणाली. "मागच्या आठवड्यात पण वाटली होती. मी म्हटलं, कशाला बोला."

आता प्रश्न बॅटरीचा राहिला नव्हता. मामानं ब्रेकवर पाय रोवला आणि सकारायानं हात लावू नको म्हटलेल्या दांड्याला हात लावला. "हे बघा, 'डी' उजळला. बंद गाडीत उजळेल का?"

पाद्रीबाबांनी वाकून बघितलं. "खरंच की! माझं चुकलं."

मामाचं समाधान झालं. काम झालं की पाय उचलायचा, ही त्याची जुनी सवय. त्यानं पाय उचलला. गाडी निघाली. एवढीसुद्धा कुरकुर न करता, लग्नातून लवकर सटकणाऱ्या पाहुण्यासारखी.

"इनोके," मामी म्हणाली, "चर्च जवळ येतंय."

मामानं चाक दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि जराही वळवलं नाही. हयातभर वळवलं नव्हतं. त्यानं फक्त हॉर्न वाजवला, उसाच्या शेतातल्या प्रत्येक फाटकावर वाजवायचा तसाच लांबलचक. घर आणि चर्चमधल्या मैदानातली कोंबडी बाजूला झाली. नगारा झाला नाही.

"वळवा! वळवा!" पाद्रीबाबा ओरडले.

"वळण असेल तर वळेल ना ती!" मामा ओरडला.

तो नगारा म्हणजे आडवं ठेवलेलं, आतून कोरलेलं अख्खं खोड. कोलिनियो दोन दांडक्यांनी तो वाजवी, तेव्हा कोणी नारळ फोडतंय असं वाटे. आता जो आवाज निघाला तो जमिनीतून आला. डुकरं उठून उभी राहिली. चर्चच्या छपरावरची धूळ खाली आली. नदीपलीकडच्या गावांत माणसांनी घास हातातच धरून एकमेकांकडे बघितलं.

मामाचा पाय आपोआप ब्रेकवर गेला होता. त्याच्या तोंडावर भीती नव्हती. कान टवकारून तो शेवटचा घुमारा विरेपर्यंत ऐकत राहिला. "काय लागला!" तो म्हणाला.

"काहीही लागलेलं नाही," पाद्रीबाबा म्हणाले. "मी नव्या गावात पहिल्याच भेटीला आलोय. असं काही झालेलं नाही."

"नाहीच झालं," मामी म्हणाली. "मी तर झोपले होते."

नगारा वाजला म्हणजे चर्चला यायचं. गाव जागं झालं होतं, पण रविवारचे लुंगीसारखे सुलू, टाय, टोप्या चढवायला वेळ लागतो. तेवढ्यात पाद्रीबाबांनी चाकामागे बसून गाडी मागे घेतली, मामाच्या घराशेजारी नेमकी उभी केली, दांडा 'पी'वर आणला आणि धावत जाऊन चर्चच्या दारात हसतमुखानं उभे राहिले. पाद्री स्वतःच दारात आहेत म्हटल्यावर कोणी काही विचारलं नाही. शनिवारी दुपारी अख्खी प्रार्थना झाली. प्रवचनाचा विषय होता, जागेवरून न हलण्याचं महत्त्व.

बाहेर पडल्यावर गाव कोलिनियोभोवती जमलं.

"काय वाजवलास रे आज!"

"अंगावर काटा आला, काका!"

कोलिनियो झोपेतून उठून आला होता, शर्टाची बटणंही चुकली होती. त्यानं बराच वेळ आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. "आतून आलं," तो म्हणाला.

मामानं तोंड उघडलं, तेवढ्यात मामीनं त्याच्या पायावर पाय दिला.

त्या दिवसापासून कोलिनियो मनगट कसं सोडायचं ते लोकांना समजावू लागला. मामा लांबून ऐकायचा आणि घरी येऊन येरझाऱ्या घालायचा.

"सांगून टाकू का?"

"सांग की. आणि नवीन नाव काय ठेवायचं तुझं, ते पण ठरवून ठेव."

शेवटी निरोप आला, की परगण्यातल्या सगळ्या गावांचा वार्षिक मेळावा नावुलिकोच्या नगाऱ्यानं सुरू होणार; आवाज तोच हवा. त्याच संध्याकाळी कोलिनियोचा हात गळ्यात बांधलेला दिसला. कशानं दुखावला, ते त्यानं सांगितलं नाही.

आणि सकाराया परत आला. त्यानं बटण दाबलं. 'रेडी' तत्काळ उजळलं, मोठ्या बॅटरीच्या रेघा वरपर्यंत भरल्या होत्या, छोटीही ठणठणीत. मामा शर्ट सारखा करून शेजारी उभा राहिला.

"मामा, जाताना मी हे किलोमीटरचे आकडे शून्य केले होते. आता शून्य नाहीये."

"पृथ्वी फिरते, सका. एवढ्या महिन्यांत गाडी तेवढी पण नाही सरकणार?"

"आणि बंपरला हा पोचा?"

"डास," मामी म्हणाली. "यंदा फार मोठे झालेत."

मामाचं नाव त्या क्षणी एका केसाला लटकत होतं. मग भाचा हसला. "जाऊ दे. बॅटरी एवढी कोणी सांभाळली नसती. आणि तो नगारा, मामा! तिकडे फळांच्या शेडमध्ये नदीपलीकडची पोरं होती ना, सगळी घरून ऐकून त्याच्याबद्दलच बोलायची. मी सांगायचो, आमच्या गावचा आहे. कोलिनियोकाकांसारखा ठोका फिजीत कोणाला—"

"कोलिनियो?" मामा गरजला. "कोलिनियो झोपला होता! तो ठोका माझा आहे! तुझ्या गाडीनं, माझ्या पायानं! विचार पाद्रीबाबांना!"

मामीनं कपाळावर हात मारला. मामा एक वीत सोडून अख्ख्या मैदानाची कबुली देऊन बसला होता. सकारायानं गाडीभोवती एक फेरी मारली. पोच्यावर अंगठा फिरवला. मग नगाऱ्यापर्यंत गवतावरून चालत गेला, तिथे गुडघ्यावर बसला, लाकडाला उमटलेली खूण बघितली आणि उठला तेव्हा त्याची छातीही मामाच्या छातीएवढीच झाली होती.

"मामा," त्यानं विचारलं, "परत जमेल?"

रविवारी प्रार्थना संपल्यावर पाद्रीबाबांनी दार लावून घेतलं आणि आपल्या सुरेख अक्षरात वाहतूक खात्याला अर्ज लिहिला:

"सविनय सादर, की नावुलिको गावचे रहिवासी श्री. इनोके यांस, त्यांजकडे केवळ उसाच्या आगगाडीचा परवाना असताना, वर्षातून एक वेळ, मेळाव्याच्या दिवशी, भाच्याच्या हायब्रीड गाडीने, चाक न वळवता, चालण्याच्या वेगाने चर्चच्या नगाऱ्यास धडक देण्याची परवानगी मिळावी. बॅटरी उत्तम स्थितीत आहे. धडकेनंतर सदर धडक झालीच नाही, असा खात्याचा दाखला अर्जदारास, पाद्रींस व श्रीमती वासिती यांस प्रत्येकी एक मिळावा, ही नम्र विनंती."