फूक मार, मंग बोल

डोमाजींशी बोलायचं असेल तर आधी चिमणी विझवावी लागे.

लढाईचे दिवस होते. रॉकेलसाठी गोंदियाच्या बाजारात रांगा लागत, आणि आमच्या राईस मिलचे हे मुकादम रोज संध्याकाळी चिमणी पेटवत, ती केवळ दुसऱ्याकडून विझवून घ्यायला. जागा माझी, म्हणजे धान मोजायच्या काट्याची खोली. चिमणी काट्यावर, माणूस उंबरठ्यावर.

"फूक मार, मंग बोल."

एकदा शेठजींनाच त्यांनी उभं केलं. "ये क्या तमाशा है?" म्हणत शेठजींनी फुंकर मारली आणि ज्योतीबरोबर तोंडातलं पानही काट्यावर आलं. मला काटा दोनदा धुवावा लागला.

डोमाजींच्या लेकीला बघायला आमगावचे पाहुणे आले, तेव्हाही तेच. "शेती किती ते मंग सांगा जी. पयले फूक मारा." मुलानं विझवली, बापानं विझवली, मग राहवेना म्हणून विहीणबाईंनीही विझवली. लग्न तिथंच ठरलं.

हे सगळं मिलमधल्या मागच्या खोलीपायी. धान भरडलं की तूस तिथं उडून पडे आणि ते ओढणारा आतला माणूस धुरळ्यात दिसेनासा होई. छातीत तो किती बसला, हे डोमाजी फुंकरीवरून ओळखत. ज्याला चिमणी विझेना, त्याला दुसऱ्या दिवसापासून अंगणात उकडलेलं धान वाळवायला धाडत. त्याच्या जागी तुसात कोण उभं राही? डोमाजी. तिथून बाहेर आले की फक्त डोळे ओळखू येत.

एका संध्याकाळी अंगणातल्या बायांची म्होरकी भागीरथीबाई आत आली.

"डोमाजी, तुमी काऊन नाई मारत फूक?"

"माह्या फुकीले काय झालं?" असं म्हणत त्यांनी चिमणी हळूच जवळ ओढली. बाईनं ती होती तिथं सरकवली. डोमाजींनी उंबरठ्यावर जाऊन फुंकर मारली. ज्योत वाकली आणि पुन्हा सरळ झाली. आणखी एकदा तसंच. मग त्यांना खोकला आवरेना.

"उद्यापासून आंगनात," भागीरथीबाई म्हणाली.

"मी भाईर आलो तं अंदर कोन जाईन?" ते खाली बघत म्हणाले. "ज्याले धाडीन त्याचीच फूक जाईन ना, बाई."

मी काट्याशी उगाच वजनं रचत बसलो.

दुसऱ्या दिवशी तुसाच्या खोलीत कोणीच गेलं नाही. मागच्या भिंतीचे पत्रे काढा, तूस बाहेरूनच ओढून घेऊ, एवढंच सगळ्यांचं म्हणणं. "दीवार तोड़ोगे क्या?" शेठजी ओरडले. पण धान उकडायची भट्टी त्या तुसावरच चाले. दुपारपर्यंत ती थंड पडली आणि शेठजीही थंड झाले.

संध्याकाळी पत्रे निघाले. खोली लख्ख झाडून झाली, तेव्हा डोमाजी आपली चिमणी घेऊन आले आणि पेटवून खोलीच्या उंबरठ्यावर ठेवली. आम्ही सगळे भोवती उभे. मागच्या शेतावरून वारा खोलीत शिरला, आणि चिमणी विझली.

डोमाजींनी रिकाम्या खोलीत डोकावून पाहिलं. खोकत, हसत खोलीलाच म्हणाले, "हं, बोल बाई आता."