खानदानी गुडघे

समरजित भरतीच्या मेडिकलमध्ये नापास होऊन आला तेव्हा घरात सगळ्यांची तोंडं उतरली. फुलला तो फक्त आजोबांचा चेहरा.

“काय लिहिलंय म्हणालास? पुन्हा सांग,” झोपाळ्यावरून हंबीरराव म्हणाले.

“जेनू व्हेरम, आबासाहेब. म्हणजे धनुष्यासारखे पाय. टाचा जुळवल्या तरी गुडघे जुळत नाहीत. सशस्त्र दलात असा माणूस चालत नाही.”

“ऐकलंत सूनबाई? आपल्या घराण्याच्या पायांना लॅटिनमध्ये नाव आहे.”

सूनबाई, म्हणजे समरजितची आई राजनंदिनी, कपाळाला हात लावून बसली होती. पोरगा बी.एस्सी. झालेला, लेखी परीक्षेत पास, धावण्यात पहिला. सरहद्दीवरच्या दलातली फौजदाराची जागा हातातोंडाशी आली होती आणि पुढच्या भरतीपर्यंत त्याचं वय उलटणार होतं.

“आबासाहेब, नोकरी गेली त्याची. नास्तोपण नाही केला पोरानं.”

“जाईल कशी? हेच पाय बघून माझ्या आजोबांना पागेत घेतलं होतं. हल्लीच्या डॉक्टरांना काय कळतं? यांनी जन्मात कधी घोडा पाहिलाय?”

घोडा समरजितनेही पाहिला नव्हता, म्हणजे वरातीतला सोडून. त्याहून मोठी गोष्ट ही, की त्याचे पाय मुळीच वाकडे नव्हते. चांगले फूटपट्टीसारखे सरळ होते. पण हे त्याच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं आणि त्याला कारण होता नारळ.

बडोदे संस्थान विलीन झालं, पागा मोडली, घोडे गेले. हंबीररावांकडे उरली एक गंजकी तलवार आणि स्वतःचे बाकदार पाय. दसऱ्याला शस्त्रपूजा आटोपली की ते नातवांना टाचा जुळवून देवीपुढे उभं करत आणि प्रत्येकाच्या गुडघ्यांमधून सोललेला नारळ आरपार काढून पाहत. निघाला तर “अस्सल स्वार!” आणि पहिला पेढा त्याचा. अडला तर नुसता सुस्कारा टाकत. त्या सुस्काऱ्याची समरजितने लहानपणीच धास्ती घेतली. टाचा जुळलेल्या ठेवायच्या, गुडघे किंचित वाकवून बाहेर ढकलायचे, श्वास रोखायचा, ही युक्ती त्याने शोधून काढली. पूजेच्या धोतराच्या घोळात कुणाला दिसत नसे. चुलतभावांचा नारळ अडायचा, याचा मात्र दर वर्षी सुळकन निघायचा.

मेडिकलला धोतर नव्हतं, पण सवय होती. डॉक्टर ओरडले, “सावधान!” आणि समरजितचे गुडघे आपोआप दसऱ्याच्या कामाला लागले. डॉक्टरांची नजर रांगेची शेपटी कुठवर गेली आहे याकडे होती. त्यांनी पट्टी लावली, आकडा लिहिला, “नेक्स्ट!”

सरकारी दवाखान्यातल्या हाडांच्या डॉक्टरांनी मात्र खुर्चीवरून म्हटलं, “भाई, जरा ढीला ऊभा रहो ने,” आणि तो सैलावताच गुडघे एकमेकांना जाऊन भिडले. त्यांनी पाय निर्दोष असल्याचं सर्टिफिकेट दिलं. ते जोडून समरजितने फेरतपासणी मागितली. फेरतपासणीचे डॉक्टर पहिल्याहूनही मोठ्याने ओरडले, “सावधान!”

आता उरलं हायकोर्ट. सयाजीगंजात शैलाताई वकिलांची कचेरी होती. त्यांनी कागद वाचले, मग टेबलाखाली वाकून पक्षकाराचे पाय पाहिले.

“सरळ तर आहेत रे! मग तिथे मुद्दाम फाकवतोस का?”

“मुद्दाम नाही, ताई. सावधान म्हटलं की मला नारळ दिसतो.”

सगळी हकिगत ऐकून शैलाताईंनी पेन खाली ठेवलं. “हे बघ, नारळ कोर्टात सांगायचा नाही. आपलं म्हणणं एवढंच, पाय सरळ आहेत आणि बोर्डाचं माप चुकलं. घरी मात्र खरं सांगून टाक.”

“आबासाहेबांना? त्यापेक्षा मी वाघोडियाला कारखान्यात पोती उचलीन.”

त्याने घरी सांगितलं ते असं, की कोर्टात पायांबद्दल केस चालू आहे. हे खोटं नव्हतं. पण हंबीररावांनी त्यातून घ्यायचा तो अर्थ घेतला. घराण्याच्या पायांवर सरकार शिंतोडे उडवतंय आणि आपण झोपाळ्यावर बसून राहायचं? फेटा चढवून ते रिक्षाने सयाजीगंजात गेले. शैलाताई हायकोर्टाच्या कामाला अहमदाबादला होत्या. कचेरीतल्या कारकुनाला त्यांनी संस्थानच्या घोड्यांच्या गोष्टी सांगितल्या, दोन वेळा चहा पाजला आणि आपलं प्रतिज्ञापत्र केसच्या कागदांना जोडून घेतलं.

तारखेला सरकारी वकिलांनी तेच वाचून दाखवलं. “मायलॉर्ड, अर्जदार म्हणतो, माझे पाय सरळ आहेत. त्याचे आजोबा शपथेवर म्हणतात, ‘आमच्या घोडेस्वारांच्या घराण्यात सात पिढ्या पुरुषांचे पाय बाकदार असून नातवाचे माझ्याहून सरस आहेत. प्रत्यक्ष देवीसमोर नारळाने खात्री केली आहे.’ सरकारला याहून जास्त काही सांगायचं नाही.”

शैलाताईंनी वळून पाहिलं. मागच्या बाकावर हंबीरराव फेटा सावरून ताठ बसले होते आणि आपण बाजी मारली अशा थाटात मान डोलावत होते. समरजितला वाटलं, वाघोडियाचा कारखाना निदान बसच्या रस्त्यावर तरी आहे.

“पाय मोजणं हे कोर्टाचं काम नाही,” न्यायमूर्ती म्हणाले. त्यांनी हसू दाबलं होतं. “नारळाचंही नाही. तटस्थ डॉक्टरांच्या मंडळाने पुन्हा मोजावं. ते म्हणतील ते अखेरचं.”

अहमदाबादला मंडळापुढे जायच्या दिवशी हंबीरराव सोबत निघाले. नको म्हणायची कुणाची छाती नव्हती. तपासणीच्या खोलीचं दार उघडंच राहिलं आणि ते दारातच उभे राहिले.

“टाचा जुळवा,” डॉक्टर म्हणाले.

समोर मोजपट्टी, दारात आजोबा. समरजितने टाचा जुळवल्या. एवढ्यात आजोबांनी हातातली पिशवी उघडली आणि त्यातून डॉक्टरांच्या सोयीसाठी आणलेला नारळ बाहेर काढला.

नारळ पाहताच गुडघे सवयीने बाहेर निघाले. आता ते तसेच ठेवले तर नोकरी गेली, आणि आवरले तर दारातून तो सुस्कारा येणार. समरजितने डोळे गच्च मिटले, आईचा चेहरा आठवला आणि सगळा जीव एकवटून पाय ताठ केले. गुडघ्यावर गुडघा टेकला. मधून कागदसुद्धा गेला नसता.

“फिट,” डॉक्टर म्हणाले.

सुस्कारा आला नाही. ते जास्त वाईट होतं. बडोद्याची बस अर्ध्या वाटेवर येईपर्यंत हंबीरराव खिडकीबाहेर पाहत होते.

“मग इतकी वर्षं नारळ जायचा कसा?”

“फाकवून, आबासाहेब.”

“हं.” त्यांनी नारळ पुन्हा पिशवीत टाकला. “कोर्टाला फसवलं असतंस तर समजू शकलो असतो. पण देवीला?”

त्यानंतर ते नातवाशी बोललेच नाहीत. तो ट्रेनिंगला निघाला तेव्हा पाया पडताना त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण तोंड झोपाळ्याच्या कडीकडे होतं. त्या वर्षी दसऱ्याला नारळ नुसताच फोडला.

ट्रेनिंग संपलं आणि नेमणुकीची वेळ आली. साहेबांनी समरजितची फाइल उघडली. केस झाली होती म्हणून ती चांगली जाडजूड होती, आणि वरच हंबीररावांचं प्रतिज्ञापत्र होतं.

“सात पिढ्यांचे घोडेस्वार!” साहेब खूश झाले. “अशी माणसं मिळतात कुठे? वाळवंटातल्या उंटांच्या तुकडीला अधिकारी हवाच होता.”

“सर, मी फक्त लूना चालवलीये.”

“विनय आहे. रक्तातच असतो.”

वर्षभर समरजितने सरहद्दीवर उंट हाकला. आधी उंटाने त्याला हाकलं, मग त्याने उंटाला. वर्षाच्या शेवटी नियमाप्रमाणे मेडिकल झालं. डॉक्टर म्हणाले, “सावधान.” त्याने पाय ताठ केले, जीव एकवटला, पण काही केल्या गुडघे जुळेनात. डॉक्टरांनी शांतपणे लिहिलं: जेनू व्हेरम, सौम्य. सेवेमुळे उद्भवलेला. नोकरीस बाधा नाही.

त्याने एसटीडी बूथवरून बडोद्याला फोन लावला. आईने ऐकलं आणि रिसीव्हर आजोबांच्या कानाला लावला.

“आबासाहेब, गुडघे जुळत नाहीत. खरोखरच. डॉक्टरांनी सेवेमुळे उद्भवलेला असं लिहिलंय.”

पलीकडे झोपाळा करकरायचा थांबला.

“सेवेमुळे?” हंबीरराव कडाडले. “खोडायला लाव ते! खानदानी आहे म्हणावं. कोर्टात कागद आहे त्याचा.” मग आवाज खाली आला. “दसऱ्याला रजा मिळेल ना रे, समरजितराव? नारळ मी बघून ठेवतो. जरा मोठा.”